मारणारा, मार खाणारा आणि नामानिराळा

सरकारी रुग्णालयात डॉक्टरला मारहाण झाली, की पुढच्या आठ दिवसांचा कार्यक्रम आता ठरून गेलेला आहे. पहिल्या दिवशी फुटलेल्या काचांची छायाचित्रे, दुसऱ्या दिवशी काम बंद, तिसऱ्या दिवशी मंत्रिमहोदयांचे कठोर कारवाईचे आश्वासन, मग न्यायालयाची कानउघाडणी, मग वाढीव सुरक्षारक्षकांची घोषणा आणि आठवड्याअखेरीस सारे पूर्ववत. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एका निवासी डॉक्टरला इतकी निर्घृण मारहाण झाली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा पोहोचली. राज्यातील हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले आणि सरकारने राज्य सुरक्षा महामंडळाचे अकराशे रक्षक देण्याचे कबूल केले. जून २०१९ मध्ये कोलकात्याच्या नीलरतन सरकार रुग्णालयात याच नाटकाचा प्रयोग झाला. गाव वेगळे, पात्रे वेगळी, संहिता तीच. या नाटकात मारणारा असतो, मार खाणारा असतो, पोलीस असतो, न्यायाधीश असतो. एकच पात्र रंगमंचावर कधी येत नाही. औषधांविना आणि माणसांविना चालणाऱ्या अपघात विभागात रात्री दोन वाजता ज्याने या दोघांना समोरासमोर उभे केले, तो मालक. सरकारी रुग्णालयाचा मालक म्हणजे सरकार. आणि हल्ली सरकारने ज्याच्या गळ्यात आपले काम बांधले आहे, तो ठेकेदार.

संकटाच्या वेळी जो सर्वांत आधी धावून जातो, त्या कामगारावर होणारी हिंसा आणि त्याच्या मनावरचा ताण हा विषय सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी गेली पंचवीस वर्षे पुष्कळ धुंडाळला आहे. रुग्णवाहिकेचा चालक, तिच्यातील डॉक्टर, अपघात विभागातील परिचारिका, वॉर्डबॉय, मावशी, अग्निशमन दलाचा जवान, पोलीस शिपाई ही सारी मंडळी त्यात येतात. या संशोधनाचे निष्कर्ष एक सांगतात आणि त्याच्या नावाने योजले जाणारे उपाय भलतेच असतात, असे माझे म्हणणे आहे. निष्कर्षांचे बोट कामाच्या रचनेकडे आहे. उपाय मात्र एक तर संतापलेल्या नातेवाइकाला तुरुंगात घालण्याचे, नाही तर थकलेल्या कर्मचाऱ्याला प्राणायाम शिकवण्याचे. दोन्ही उपाय स्वस्त आहेत आणि दोन्हींत मालक नामानिराळा राहतो.

प्रथम निष्कर्ष पाहू. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना, जागतिक आरोग्य संघटना, परिचारिकांची आंतरराष्ट्रीय परिषद आणि सार्वजनिक सेवेतील कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ या चौघांनी मिळून ब्राझील, बल्गेरिया, लेबनॉन, पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिका, थायलंड आदी देशांत पाहण्या करविल्या. ज्यांना विचारले त्यांतील निम्म्याहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांना आदल्या वर्षभरात शारीरिक वा मानसिक हिंसेचा किमान एकदा तरी अनुभव आला होता. त्या आधारे २००२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत पहारेकरी आणि शिक्षा यांच्याआधी भर होता तो कर्मचाऱ्यांची पुरेशी संख्या, पाळ्यांची आखणी, रुग्ण व नातेवाइकांना वेळेवर मिळणारी माहिती आणि कामाची पद्धत यांवर. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी प्रत्यक्ष मारहाण सोसावी लागते. यातील खालचा आकडा धरला तरी दुसऱ्या कोणत्या शहाण्या धंद्यात तो खपवून घेतला जाईल?

या विद्येत हिंसेचे एक रूढ वर्गीकरण आहे. कॅलिफोर्नियातील औद्योगिक सुरक्षेच्या कामातून ते पुढे आले. पहिला प्रकार बाहेरच्या गुन्हेगाराने केलेल्या हिंसेचा, दुसरा ग्राहकाने किंवा रुग्णाने केलेल्या, तिसरा सहकाऱ्याने वा वरिष्ठाने केलेल्या आणि चौथा घरगुती संबंधातून कामाच्या जागी आलेल्या हिंसेचा. वर्गीकरण उपयुक्त आहे यात शंका नाही. पण या चार कप्प्यांत एक कप्पा नाही. शंभर मंजूर पदांपैकी चाळीस वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि उरलेल्या साठांना शंभरांचे काम करायला लावायचे, याला कोणता प्रकार म्हणावा? तिसऱ्या कप्प्यात दुष्ट वरिष्ठ बसतो. अंदाजपत्रक बसत नाही. आणि आपल्याकडील पाहण्यांत विचारणा होते तीही मुख्यतः डॉक्टरांकडे. स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय आणि रक्ताने माखलेली फरशी पुसणारी मावशी त्याच खोलीत, त्याच जमावापुढे उभी असते. तिचा मार मोजणारा तक्ता अद्याप कोणी फारसा केलेला नाही.

ताणाविषयीचे शास्त्र तर याहून स्पष्ट आहे. रॉबर्ट करासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ साली दाखवून दिले की केवळ काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही. काम जास्त आणि त्या कामावर स्वतःचा अधिकार कमी, हे दोन्ही एकत्र आले म्हणजे मोडतो. इंग्लंडमध्ये १९६७ पासून व्हाइटहॉलच्या सरकारी नोकरांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. बिडी-सिगारेट, रक्तदाब इत्यादी कारणे हिशेबात घेऊनही तफावत पुरती मिटेना; पुढच्या अभ्यासात कामावरील ताब्याचा अभाव हे त्याचे एक मोठे कारण म्हणून पुढे आले. म्हणजे ‘साहेबांना फार टेन्शन असते’ ही आपली लोकप्रिय समजूत शास्त्राने केव्हाच निकालात काढली आहे. टेन्शन शिपायाला असते. साहेबांना असते ती जबाबदारी, आणि ती झटकण्याची सोय.

मी पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. उत्पादनाचा जो खर्च उद्योजक स्वतःच्या वहीत न मांडता दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो, त्याला ‘सामाजिक खर्च’ म्हणतात, हे विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहीत. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. उदाहरण मात्र विद्यार्थी नेहमी कारखान्याच्या धुराचे आणि नदीत सोडलेल्या मळीचे देत. सरकारने स्वतःच काटकसरीच्या नावाखाली आपला खर्च परिचारिकेच्या मणक्यावर, चालकाच्या झोपेवर आणि निवासी डॉक्टरच्या डोळ्यावर ढकलणे हेही त्याच जातीचे उदाहरण आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली सांगितले की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा आणि राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचे आठ टक्क्यांहून अधिक त्यासाठी द्यावेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ साली, म्हणजे महामारीच्या ऐन काळात, हा खर्च १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोक थेट स्वतःच्या खिशातून भरत होते. महाराष्ट्र हे श्रीमंत राज्य त्या आठ टक्क्यांच्या जवळपासही नाही. या अपुऱ्या पैशाची तूट कोणीतरी भरून काढावीच लागते. ती जो भरतो, तोच मार खातो.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. पाड्यावरच्या बाईला झटके येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असला तर तपासतो आणि ‘पुढे न्या’ म्हणतो. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही. पुन्हा ‘पुढे न्या’. जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातील खाट रिकामी नाही. तेथून वैद्यकीय महाविद्यालय सत्तर-ऐंशी किलोमीटर. या प्रवासात कुटुंबाने उसने आणलेले पैसे संपतात, ‘बाहेरून आणा’ म्हणून हातात पडलेल्या चिठ्ठ्या वाढतात, आणि तीन ठिकाणी कोणी धड बोललेलेही नसते. चौथ्या ठिकाणी बाई दगावते. ती बातमी सांगण्याचे काम तेथे येते पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाकडे. तो आदल्या सकाळपासून उभा असतो आणि मृत्यूची बातमी कशी सांगावी हे त्याला धड कोणी शिकवलेले नसते. नवऱ्याच्या आयुष्यात शासन नावाची वस्तू इतक्या जवळ, हात पोहोचेल अशा अंतरावर, पहिल्यांदाच आलेली असते. तो हात उगारतो. हात उगारणे समर्थनीय नाही, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. पण चौथ्या दारातला गुन्हा मोजताना पहिली तीन दारे कोणी बंद ठेवली, हे विचारायचेच नाही काय?

रुग्णवाहिकेची कथा आणखी बोधप्रद आहे. १०८ क्रमांकाची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आंध्र प्रदेशात सुरू झाली, ती हैदराबादच्या एका संगणक कंपनीच्या संस्थापकाच्या पुढाकाराने. (हीच कंपनी जानेवारी २००९ मध्ये हिशेबांतील महाघोटाळ्यामुळे जगभर गाजली, हे जाता जाता.) सेवा चांगली होती आणि तिने असंख्य जीव वाचवले, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात ती जानेवारी २०१४ मध्ये आली, खाजगी संस्थेला ठेका देऊन. तिचे नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला उभे राहिले. गाड्या ९३७, त्यांतील प्रगत जीवरक्षक सामग्रीच्या २३३. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी. म्हणजे एका गाडीमागे सुमारे एक लाख वीस हजार माणसे. हा भागाकार शाळकरी मुलगाही करील. गाडी उशिरा येणार हे गणितातच लिहिलेले आहे. पण गाडी उशिरा आली की गावकरी शिव्या घालतात त्या चालकाला. ठेक्याच्या भाषेत त्याला ‘पायलट’ असे भारदस्त नाव आहे. गाड्या किती असाव्यात, त्या कोठे उभ्या असाव्यात, रुग्णाला कोणते रुग्णालय दाखल करून घेईल, यांपैकी एकही गोष्ट या पायलटच्या हाती नाही. त्याच्या शेजारी बसणारा डॉक्टर बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर, तोही कंत्राटी. पगार थकला तर सरकार म्हणणार हा ठेकेदाराचा नोकर, आणि ठेकेदार म्हणणार सरकारने बिल अडकवले. काम प्रचंड आणि अधिकार शून्य: करासेक यांना आपला सिद्धान्त पडताळायला याहून चोख नमुना कोठे मिळाला असता?

कामाच्या तासांबद्दल तर बोलताना लाज वाटावी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मिळवली ती १० जून १८९० रोजी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याचा पाया घातला गेला आणि १९४६ साली कारखाना कायद्यात तो आला. निवासी डॉक्टरांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ साली हेच सांगितले: सामान्यतः सलग बारा तासांहून अधिक काम नको, आठवड्याला अठ्ठेचाळीसहून अधिक नको. तो कागद आजही जिवंत आहे आणि त्याला कोणी विचारत नाही. २०२१ मध्ये पदव्युत्तर प्रवेशाची प्रक्रिया आरक्षणाच्या वादामुळे जानेवारी २०२२ पर्यंत लांबली. तेव्हा डॉक्टरांची एक सबंध तुकडी रुग्णालयांत आलीच नाही आणि तिचे काम उरलेल्यांच्या पाठीवर चढले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ज्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, ती छत्तीस तासांच्या पाळीवर होती. रात्री घटकाभर अंग टाकायला तिला जागा सापडली ती व्याख्यानाच्या सभागृहात. गुन्हेगार कोण हे न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ठरवले आणि त्याला जन्मठेप दिली; तो पोलिसांच्या हाताखाली मानधनावर काम करणारा स्वयंसेवक होता. छत्तीस तासांची पाळी लावणाऱ्यावर आणि विश्रांतीची खोली न बांधणाऱ्यावर कोणते कलम लावायचे, हा प्रश्न त्या खटल्याच्या कक्षेतच येत नव्हता.

तास कमी करणे अशक्य आहे, असे सांगणाऱ्यांनी देवनारचे उदाहरण आठवावे. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो शहरातील इतर ठाण्यांत नेला गेला. या प्रयोगाची योजना कोणा विलायती सल्लागार कंपनीने आखली नव्हती. ती एका साध्या पोलीस शिपायाने मांडली होती. ज्याच्या अंगावर काम पडते त्याला कामाची रचना कळते, एवढेच यातून दिसते. असे प्रयोग टिकत नाहीत, कारण ते एखाद्या वरिष्ठाच्या चांगुलपणावर उभे असतात, हक्क म्हणून लिहिलेले नसतात.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय कायद्याचा. महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवेतील व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसेविरुद्ध खास अधिनियम केला: गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपर्यंत, शिवाय मोडतोड झालेल्या सामग्रीच्या दुप्पट भरपाई. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने साथरोग कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती करून साथीच्या काळापुरती शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत नेली. महाराष्ट्राचा अधिनियम होऊन सात वर्षांनी धुळे घडले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलानेही स्वतंत्र केंद्रीय कायद्याची गरज नाही, अस्तित्वात असलेले कायदे पुरेसे आहेत, असाच अभिप्राय दिला. इंग्लंडचा अनुभव याहून निराळा नाही. तेथे २०१८ साली आपत्कालीन सेवकांवरील हल्ल्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून बारा महिने केली, २०२२ मध्ये दोन वर्षे. तरीही तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या वार्षिक पाहणीत रुग्ण वा जनतेकडून मारहाण झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिले आणि रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांत ते त्याहून बरेच अधिक आहे. ज्याची आई नुकतीच डोळ्यांदेखत गेली, तो माणूस कलम आणि दंड यांचा हिशेब करून हात उगारत नसतो.

त्याच इंग्लंडात दुसराही एक प्रयोग झाला. २०११ च्या सुमारास तेथील डिझाइन कौन्सिलने अपघात विभागांतील चिडचिड कशातून निर्माण होते याचा शोध घेतला. उत्तर अगदी साधे निघाले. आपला नंबर कधी, आपल्यामागून आलेल्याला आधी का घेतले, आता पुढे काय होणार, हे माणसाला कोणी सांगत नाही. दोन रुग्णालयांत भिंतींवर टप्प्याटप्प्याने माहितीचे फलक लावले, कर्मचाऱ्यांनी आपल्या अडचणींवर नियमित बोलावे अशी व्यवस्था केली. पुढे केलेल्या मूल्यमापनात धमकावणीच्या हावभावांचे आणि आक्रमक वागणुकीचे प्रमाण निम्म्याने घटलेले आढळले. खर्चलेल्या प्रत्येक पौंडामागे तीन पौंडांचा लाभ झाला. आमच्या जिल्हा रुग्णालयांत भिंतींवर मंत्र्यांची छायाचित्रे आणि योजनांची जाहिरात भरपूर असते. रुग्णाला आता कोठे नेले आहे हे सांगणारी पाटी शोधावी लागते. अर्थात, पाटी लावून भूलतज्ज्ञाची जागा भरली जात नाही, हेही खरे. पाटीचा पैसा काढणे सोपे आहे, भूलतज्ज्ञाचा कठीण, आणि आपले सरकार दोन्ही करत नाही.

दुसरा उपाय मनःशांतीचा. कर्मचारी थकला, खचला, चिडचिडा झाला की त्याच्यासाठी तणावमुक्तीचे शिबिर. ‘बर्नआउट’ हा शब्द या संदर्भात १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी आणला, तो न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातील स्वयंसेवकांना जवळून पाहून. पुढे ज्यांनी या अवस्थेचे मोजमाप तयार केले त्या ख्रिस्तिना मास्लॅक यांनी १९९७ च्या ग्रंथात स्वच्छ लिहिले आहे की दोष माणसाचा नसून तो जेथे काम करतो त्या वातावरणाचा आहे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही ही अवस्था व्यक्तीचा आजार म्हणून न नोंदता व्यवसायजन्य घटना म्हणून नोंदवली. असे असता चोवीस तास जागलेल्या परिचारिकेला सकाळी आणखी एक तास थांबवून श्वास कसा घ्यावा हे शिकवायचे, याला क्रूर विनोद म्हणावे लागेल. योगासनांशी माझे वैर नाही. पण जेवणाची सुटी मागणाऱ्याला उपवासाचे माहात्म्य सांगू नये.

याचा कळस महामारीत पाहिला. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी वायुदलाच्या हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुले उधळली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्ली महापालिकेच्या हिंदुराव रुग्णालयातील डॉक्टर थकलेल्या पगारासाठी आंदोलन करीत होते. ज्या आशा कार्यकर्तींना जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये पुरस्कार देऊन गौरवले, त्यांना आपले सरकार अद्याप कामगार म्हणायलाही तयार नाही. त्या ‘स्वयंसेविका’, आणि त्यांना मिळते ते ‘मानधन’. वीर म्हटले की वेतन द्यावे लागत नाही. वीर मेला तर तो हुतात्मा होतो, कामावरच्या अपघाताचा बळी होत नाही.

आणि सत्ताधारी स्वतः काय करतात? ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ जण गेले होते. नांदेडनंतर औषधपुरवठा, रिक्त पदे, खाटांपेक्षा अधिक रुग्ण यांची चर्चा झाली. पण सत्तारूढ आघाडीच्या एका खासदारांनी काय केले, तर तेथील प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून सर्वांदेखत शौचालय साफ करवून घेतले आणि कॅमेऱ्यांनी ते टिपले. गुन्हा नोंदला गेला, हे खरे. पण त्या दृश्याने राज्यभर जो संदेश गेला तो गुन्ह्याच्या नोंदीने पुसला गेला नाही. औषधे का नव्हती याचे उत्तर ज्या मंत्रालयाने द्यायचे, त्याच मंत्रालयाचे पाठीराखे रुग्णालयात येऊन न्यायाधीश बनले. हिंसा वरून खाली झिरपते ती अशी.

हे सारे आपल्या विरोधकांविषयी लिहून थांबणे सोयीचे झाले असते. पण आपल्याच कार्यकर्त्यांशी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. तालुक्याच्या गावी रुग्ण दगावला की पन्नास माणसे घेऊन ग्रामीण रुग्णालयात घुसणे, टेबलावर हात आपटणे, समोरच्या परिचारिकेला ‘तुम्हाला पगार कशाचा मिळतो’ असे विचारणे, त्याची ध्वनिचित्रफीत फिरवणे, हे डाव्या आणि समाजवादी म्हणवणाऱ्यांनीही केले आहे. त्यात लढाऊपणा दिसतो, दुसऱ्या दिवशी नाव छापून येते. पण ती परिचारिका कंत्राटी आहे, तीन वॉर्डांना एकटी आहे आणि तुमच्याइतकीच श्रमिक आहे, हे विसरून केलेले आंदोलन आंदोलनच नव्हे. ते मालकाचे काम फुकट करून देणे आहे. सरकारला याहून काय हवे? रुग्ण आणि कर्मचारी एकमेकांच्या गळ्याला लागले की अंदाजपत्रकाकडे कोणाचे लक्ष जात नाही. गिरणीमालक एका जातीच्या कामगाराला दुसऱ्यावर सोडत, तीच ही रीत आहे.

डॉक्टरांच्या संघटनांनाही एक विचारावेसे वाटते. त्यांच्या मागण्यांत रक्षक असतात, कडक कायदा असतो. वॉर्डबॉय आणि १०८ च्या पायलटचा उल्लेख क्वचित असतो. जो संप फक्त पांढऱ्या कोटाचा असतो, त्याला लोकांची सहानुभूती का मिळत नाही याचा त्यांनी विचार करावा. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१९ साली कामाच्या जागी होणाऱ्या हिंसा व छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार केला, तो २५ जून २०२१ पासून अमलात आला. त्यात कायम-कंत्राटी असा भेद नाही. शिकाऊ आणि स्वयंसेवकही त्याच्या छत्राखाली येतात. त्यासोबतच्या शिफारशीत रात्रपाळी, आरोग्य आणि आपत्कालीन सेवा यांचा विशेष जोखमीचे क्षेत्र म्हणून नावानिशी उल्लेख आहे. भारताने या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. ही मागणी डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या, आशांच्या आणि रुग्णवाहिका कामगारांच्या संघटनांनी एकत्र येऊन का करू नये?

तोवर जिल्ह्याजिल्ह्यांत करण्यासारखे काम आहे आणि त्याला मोर्चाची गरज नाही. प्रत्येक तालुका शाखेने माहिती अधिकारात एक अर्ज टाकावा. आपल्या जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयांत मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतील कंत्राटी किती. मागील तीन महिन्यांत अपघात विभागात रात्रपाळीला प्रत्यक्ष कोण कोण होते आणि सलग किती तास. जिल्ह्यात रुग्णवाहिका किती, त्यांच्या कर्मचाऱ्यांचे वेतन कोणत्या तारखेला झाले, गाडी उशिरा पोहोचल्याबद्दल ठेकेदाराला दंड झाला काय आणि तो चालकाच्या पगारातून कापला गेला काय. कर्मचाऱ्यांना झालेल्या मारहाणीच्या किती तक्रारी आल्या, त्यांत वॉर्डबॉय, मावशी आणि चालक यांच्या किती. अर्जाला उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर आले की त्याच्या प्रती घेऊन प्रथम रुग्णालयातील परिचारिकांकडे आणि चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांकडे जावे, आकडे खरे आहेत का ते त्यांच्याकडून तपासून घ्यावे, आणि मग रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ते त्यांच्यासोबत मांडावेत.